जोखीम कुणाच्या पदरात?

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत त्याचं नाव घेतलं जातं. ही विसंगती दाखवून शेतकऱ्याला चार शब्द सुनावणारे लेख दर उन्हाळ्यात छापून येतात. आळशाचं पीक, पुढाऱ्यांचं पीक, पाणी पिणारं पीक अशी नावं उसाला ठेवली जातात. पाण्याबद्दलची तक्रार खरीच आहे. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार-पाच टक्के जमिनीवर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा घेतो.

पण ऊस लावणारा वेडा नाही. त्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने तो ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत द्यायचा असतो, उशीर झाला तर त्यावर १५ टक्के व्याज. कारखाने हे नियम कसे पाळतात, तोडणी-वाहतूक किती कापतात, काट्यावर काय घडतं, हे ऊसपट्ट्यात कुणाला सांगायला नको. तरीही गिऱ्हाईक ठरलेलं आहे, भावाला तळ आहे आणि अवकाळी पावसाने कांदा किंवा द्राक्ष जसं एका रात्रीत संपतं तसा ऊस संपत नाही. सोसायटी पीककर्ज देते, कारण वसुली कारखान्याच्या बिलातूनच होणार असते. ज्वारी, तूर, सोयाबीन, कांदा यांपैकी एकाही पिकाला यातली अर्धीही हमी नाही. मग हातात थोडं पाणी आलेला माणूस आणखी काय लावणार?

महाराष्ट्रातल्या शेतीसुधारणांकडे पाहताना मला हे उसाचं गणित उपयोगी वाटतं. गेल्या दीडशे वर्षांत इथे जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, बाजाराला नियम आले, सहकार आला, संकरित बियाणं आलं, ठिबक आलं, अनुदानं आली. प्रत्येक सुधारणेने काही ना काही बदललं. पावसाची, भावाची आणि धोरणाची जोखीम मात्र बहुतेक वेळा तिथेच राहिली, ज्याच्याकडे ती पेलण्याची ताकद सर्वांत कमी होती. जिथे ती कुणीतरी वाटून घेतली तिथे शेतकरी सावरला, भले पीक चुकीचं का असेना.

सुरुवात सावकारापासून झाली. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. चार वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यात सावकाराइतकीच सरकारी सारावसुली, कोर्टकचेरी आणि पाण्याची हेळसांड यांची झडती आहे. आजच्या वाचकाला थबकवणारी गोष्ट म्हणजे त्यातल्या सूचना: तलाव बांधा, बांध घाला, जनावरांची जात सुधारा, शेतकऱ्याला शिकवा. यातल्या बहुतेक सूचनांची नंतर सरकारी योजना झाली.

बाजाराच्या नियमनाचा पहिला प्रयोगही आपल्याकडचाच. १८८६ साली वऱ्हाडातल्या कारंजा इथे देशातला पहिला नियमित बाजार सुरू झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, ही त्यामागची प्रेरणा, शेतकऱ्याचं भलं हा जोडफायदा. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, १९२८ मध्ये रॉयल कृषी आयोगाने नियमित बाजारांची शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा आला आणि अखेर १९६३ मध्ये महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा. वजनात मारणं, रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवणं, मातेरं आणि धर्मादाय अशा नावांनी वाट्टेल ते कापणं, या सगळ्याला त्याने आळा घातला. उघडा लिलाव, प्रमाणित काटा, हातात हिशेबपट्टी या त्या काळी फार मोठ्या गोष्टी होत्या. ज्यांना बाजार समिती म्हणजे फक्त लूट वाटते त्यांनी तिच्या आधीचा बाजार एकदा वाचून पाहावा.

पुढे मात्र परवाना देणारेच बाजाराचे धनी झाले. गाळे मोजके, परवानेही मोजके, अडत्ये आणि खरेदीदार एकाच घरातले, संचालक मंडळ तालुक्याच्या राजकारणाचं पहिलं पायठाण. माल समितीच्या आवारातच विकायचा, हा संरक्षणासाठी केलेला नियम, हळूहळू कोंडवाडा बनला. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला नियमनातून मुक्त केला. आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असंही ठरलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, मग उघडले. मुंबई-पुण्यात शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले, काही उत्पादक कंपन्यांना आणि मोठ्या खरेदीदारांना थेट बांधावरून माल उचलता येऊ लागला. तरी बहुसंख्य शेतकरी आजही आपला पिकअप बाजार समितीतच नेतो. अडत्या त्याला उचल देतो, आलेला सगळा माल, गोल्टीसकट, घेतो आणि पैसे देतो. नव्या खरेदीदाराला फक्त निवडक माल हवा असतो. बिहारने तर २००६ मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला होता. तिथे खासगी बाजारांची रांग लागली नाही, आणि धानाचा शेतकरी हमीभावापेक्षा कमी दरात विकत राहिला. दार उघडलं म्हणून गिऱ्हाईक आत येतंच असं नाही.

म्हणूनच २०२० च्या तीन कृषी कायद्यांवरची लढाई पंजाबात जेवढी पेटली तेवढी महाराष्ट्रात पेटली नाही. पंजाबच्या गहू-तांदळाला सरकारी खरेदीची हमी होती आणि ती जाईल ही भीती होती. इथे गमावण्यासारखी हमी नव्हतीच, आणि नियमनमुक्तीचा अनुभव चार वर्षांचा झाला होता. शरद जोशींनी स्थापन केलेल्या शेतकरी संघटनेने तर कायद्यांचं स्वागत केलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अंमलबजावणी थांबवून जी समिती नेमली, तिच्यात संघटनेचे अनिल घनवट होते. त्या समितीचा अहवाल सरकारने उघड केला नाही, तेव्हा कायदे मागे घेतल्यानंतर मार्च २०२२ मध्ये घनवटांनी तो स्वतःच प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या धोरणाबद्दलचा दस्तऐवज एका सदस्याला पत्रकार परिषद घेऊन द्यावा लागतो, यावर वेगळी टिप्पणी नको.

त्या कायद्यांच्या गडबडीत एक तारीख हरवून गेली. १५ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. कांदा-बटाट्यासारख्या मालावर आता असाधारण परिस्थितीतच साठ्याची बंधनं येतील, असं तिचं म्हणणं होतं. आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, त्याच सरकारने कांद्याची निर्यात एका अधिसूचनेने बंद केली होती. शेतकऱ्याला बाजारस्वातंत्र्य देणारं विधेयक आणि बाजार बंद करणारा आदेश यांच्यात चोवीस तासांचं अंतर. लासलगावच्या शेतकऱ्याने यातल्या कशावर भरवसा ठेवायचा?

कांद्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सुधारणांच्या चर्चेत जे निसटतं ते सगळं तिच्यात आहे. रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. वर्षाच्या उत्पादनाचा सर्वांत मोठा वाटा त्याचा. तो चाळीत भरून शेतकरी पावसाळाभर थांबतो. चाळीतला कांदा वजनाने घटतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. हे नुकसान गृहीत धरूनच तो ऑगस्ट-सप्टेंबरच्या भावावर पैज लावतो. साठवण करणं, घट सोसणं आणि बाजार उतरला तर मुकाट्याने विकणं, ही व्यापाऱ्याची कामं इथे उत्पादकच करतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलहून जास्त कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हातात हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला, ही बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नंतर क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं. त्याच वर्षी पावसाने ओढ दिली, भाव चढू लागले, आणि १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद. ती उठली मे २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक ऐन रंगात असताना, तीही ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये शुल्क निम्मं झालं, १ एप्रिल २०२५ ला ते गेलं. एकाच माणसाने, जवळपास एकाच वर्षात, भाव पडला तेव्हा सगळा तोटा सोसला आणि भाव चढला तेव्हा नफा वर्तमानपत्रात वाचला. बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या खरेदीदारांनी मधल्या काळात दुसरीकडून माल घेतला, आणि एकदा तुटलेला खरेदीदार दुसऱ्या वर्षी आपणहून परत येत नाही.

दिल्लीचीही एक भीती आहे. १९९८ साली कांद्याच्या भावाने दिल्लीतलं राज्य सरकार घालवलं, हे कुठलाही पक्ष विसरलेला नाही. शहरी गरिबाच्या ताटाची काळजी खोटी नाही. पण ती काळजी घेण्याचा खर्च सरकारच्या तिजोरीतून होत नाही, तो नाशिक, अहिल्यानगर आणि सोलापूरच्या चाळींतून होतो. दिल्लीत भाव वाढला तर तिथल्या गरिबाला थेट अनुदान देता येतं. त्यासाठी अर्थसंकल्पात आकडा दाखवावा लागतो. निर्यातबंदीचा आकडा कुठेच दाखवावा लागत नाही, म्हणून ती सोपी.

शरद जोशींनी याला ‘उणे सबसिडी’ म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते १९७७ मध्ये चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले आणि पुढच्याच वर्षी चाकणच्या कांदा उत्पादकांना रस्त्यावर उतरवलं. १९८० चं नाशिकचं कांदा-ऊस आंदोलन, १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन, १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आणि पुढे घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम, हा त्यांच्या चळवळीचा पसारा. त्यांच्या मुक्त बाजाराच्या आग्रहाशी वाद घालता येईल, मीही घालीन. उणे सबसिडीचा मुद्दा मात्र आकड्यांनी खरा ठरला. ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रियर ही संशोधन संस्था यांच्या २०१८ च्या अहवालाने २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार मोजला. खतं, वीज, पाणी यांवरची सगळी अनुदानं धरूनही तो सरासरी उणे १४ टक्के निघाला. एका हाताने दिलेल्यापेक्षा दुसऱ्या हाताने काढून घेतलेलं जास्त होतं. पाश्चात्त्य देशांत हा आकडा अधिक असतो, आपल्याकडे तो उणा होता आणि तरीही शेतकरी फुकट खातो अशी समजूत रूढ झाली.

डाळी आणि तेलबियांचं यापेक्षा वेगळं नाही, फक्त आवाज कमी. २०१६ च्या खरिपात डाळ लावा म्हणून आवाहन झालं, तुरीचं पीक विक्रमी आलं, हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. आधीच्या टंचाईत ठरवलेली आयात चालूच होती, निर्यातीला बंदी होती. ती उठायला सप्टेंबर २०१७ उजाडला. तोवर शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टर लावून बारदान्याची वाट पाहत बसले होते. सोयाबीनने २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही दिवस दहा हजारांचा टप्पा ओलांडला, लगेच परदेशी सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली आणि डिसेंबरमध्ये वायदे बंद झाले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि मराठवाड्यातल्या बाजारांत दर चार हजारांच्या आसपास, अशी वेळ आली. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनला तो कुठून आणायचा? नोव्हेंबरमध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, मर्यादा १५ टक्के केली. तोवर ज्याला दिवाळी करायची होती, सोसायटी भरायची होती, त्याने विकून टाकलं होतं.

हमीभावाचं नाव सगळे घेतात. तो मिळतो किती जणांना? २०१५ च्या शांताकुमार समितीने सांगितलं की देशातले सहा टक्के शेतकरीच सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकतात. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीवरचा वाद, म्हणजे स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज धरून येणाऱ्या खर्चावर दीडपट द्यायचा की ते सोडून, महत्त्वाचा आहे. पण जो भाव हातात पडतच नाही त्याची व्याख्या किती बारीक करायची?

सगळी जोखीम सरकारने घ्यावी, हा उपाय महाराष्ट्राने करून पाहिलेला आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. खासगी व्यापाराला मज्जाव, सगळा कापूस राज्याच्या पणन महासंघाकडे. बाहेर भाव पडलेला असला की शेजारच्या राज्यांतला कापूस रात्रीतून वऱ्हाडात शिरायचा. बाहेर भाव चढलेला असला की इथल्या शेतकऱ्याला सीमेवर अडवलं जायचं. ग्रेडरच्या हातात सत्ता आली, चुकारे महिनोन्‌महिने रखडले, तोटा साचत गेला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला मक्तेदारी प्रत्यक्षात संपली. विदर्भातल्या जाणत्या शेतकऱ्यांना त्या योजनेबद्दल विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे लूट होती, दुसरं म्हणजे निदान भाव ठाऊक असायचा. दोन्ही खरी आहेत. २००२ पासून बीटी आलं, उत्पादन वाढलं, खर्च त्याहून वाढला, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. कोरडवाहू जमिनीत महागड्या बियाण्यावर लावलेली पैज भावाची हमी नसताना खेळायची वेळ आली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरातल्या ११,२९० शेतकरी-शेतमजुरांच्या आत्महत्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातल्या आहेत.

पावसाच्या जोखमीवर पीकविमा हे उत्तर म्हणून पुढे केलं जातं. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना आहे. राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात विमा दिला, बोगस अर्जांचा पूर आला आणि २०२५ मध्ये योजना गुंडाळून शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्के, नगदी पिकांना पाच टक्के झाला. विमा महसूल मंडळाचा, नुकसान माणसाचं, ही यातली मूळ अडचण तशीच आहे. मंडळातल्या काही शेतांवरच्या पीककापणी प्रयोगाने सगळ्यांचं भवितव्य ठरतं. ओढ्याकाठचं शेत खरडून गेलं आणि वरच्या अंगाचं वाचलं तर सरासरी बरी दिसते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनीची मातीच वाहून गेली. माती कुठल्याही पीककापणी प्रयोगात मोजली जात नाही.

याच राज्याने यापेक्षा फार चांगली कल्पना एकदा दिली होती. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावून तिला पैसा पुरवला गेला. मुंबईच्या पगारदाराने बीडच्या दुष्काळाची जोखीम थोडी आपल्या खिशात घेतली, इतका सरळ व्यवहार. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते त्यातून झाले. २००५ मध्ये देशाने तिच्या धर्तीवर कायदा केला. खडी फोडण्याचे वाईट अनुभव आणि हजेरीपटाचे घोटाळे जमेस धरूनही, मला ही महाराष्ट्राची सर्वांत मोठी शेतीसुधारणा वाटते, आणि शेतीच्या अर्थसंकल्पात तिचं नाव कुणी शेतीसुधारणा म्हणून घेत नाही.

पाण्याचंही तसंच. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून शेतीसाठी बोअरला बंदी केली. नाशिकजवळ वाघाड धरणावर पाणी वापर संस्थांनी वाटप हातात घेतलं, २००५ मध्ये तसा कायदाही आला. हे सगळे वाटून घेण्याचे प्रयोग. त्यानंतर आलेलं अनुदानित, प्लास्टिकच्या अस्तराचं शेततळं मात्र खासगी विमा ठरलं. कल्पना पावसाचं वाहतं पाणी धरण्याची होती. अनेक ठिकाणी ते विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरलं जातं, ते उन्हात वाफ होऊन जातं आणि शेजाऱ्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते. ज्याच्याकडे तळं आहे त्याची द्राक्षबाग वाचते. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे जोखीम सरकते.

कर्जमाफ्यांवर फार शब्द खर्चू नयेत. २००८, २०१७, २०१९, प्रत्येक वेळी थकलेल्याला श्वास मिळाला आणि मूळ दुखणं तसंच राहिलं. दोन माफ्यांच्या मधल्या काळात सोसायटीत मार्चअखेर ‘नवं-जुनं’ चालू असतं. सावकाराकडून दोन दिवसांसाठी पैसे घेऊन जुनं खातं भरायचं, नवं उचलायचं, सावकाराला परत करायचं. कागदावर शंभर टक्के वसुली. माफी फक्त संस्थात्मक कर्जाला असल्याने ज्याला बँकेने दारातही उभं केलं नाही त्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

आणि असा माणूस बहुधा बटईदार असतो. इथे एका जुन्या, मोठ्या सुधारणेची सावली आडवी येते. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने लाखो कुळांना मालक केलं; त्याचं मोल कमी करण्याचं कारण नाही. पण तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात कुळाची धास्ती बसली ती बसलीच. नोकरीला पुण्या-मुंबईत गेलेला मालक जमीन पडीक ठेवील किंवा तोंडी बोलीवर खंडाने देईल, कागद करणार नाही. कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून त्याला पीककर्ज, विमा, अनुदान, नुकसानभरपाई, हमीभावाच्या केंद्रावरची नोंदणी यांपैकी काहीच नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला, मालकी सुरक्षित ठेवून कसणाऱ्याला कागद देणारा. त्यावर आपल्या विधिमंडळात जोरदार चर्चा झाल्याचं स्मरत नाही. नवऱ्याच्या मागे शेत सांभाळणारी बाई याच रांगेत उभी आहे. तिचं नाव वारसनोंदीला लागेपर्यंत सरकारच्या लेखी ती मजूर असते.

आशादायक काय, तर दूध आणि नाशिकची द्राक्षं. दुधाला कायद्याचा हमीभाव नाही आणि २०१८ पासून दर कोसळल्याची आंदोलनं वारंवार झाली. तरी दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल मिळतं आणि घर त्यावर चालतं. दुधाची ताकद या लयीत आहे, ती किराणा आणि शाळेच्या फीच्या लयीशी जुळते. द्राक्षांत १९९१ पासून महाग्रेप्स या द्राक्ष उत्पादक सहकारी संस्थांच्या संघाने शिकवलेला धडा म्हणजे निर्यात एकट्याने होत नाही. २०१० मध्ये युरोपात रसायनाच्या अंशांवरून कंटेनर अडकले आणि अनेक बागायतदार आणि निर्यातदार आडवे झाले. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिंडोरीजवळच्या मोहाडीत सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. माती-पाणी तपासणीपासून पॅकहाउस, प्रक्रिया, निर्यात सगळं एका छताखाली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये घातले. एकाचा कंटेनर नाकारला गेला तर तो एकटा बुडत नाही. हे सहकारी तत्त्वच आहे, फक्त राजकारणाच्या कचाट्यातून सुटलेलं. २००२ च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने अशा कंपन्यांचा मार्ग मोकळा केला आणि महाराष्ट्रात त्या देशात सर्वाधिक आहेत. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचं अस्तित्व मात्र फलकापुरतं आणि अवजार बँकेच्या अनुदानापुरतं आहे. खेळतं भांडवल नसलेली कंपनी शेतकऱ्याला रोख देऊ शकत नाही, मग तो अडत्याकडेच जातो.

एक साधं हत्यार हाताशी असून धूळ खातं. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिने सहा टक्के व्याजाने घ्या, भाव आला की विका. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन मातीमोल विकायला लावणारी घाई यातून टळू शकते. गोदाम गावापासून लांब, बाजार समितीला रस नाही आणि अडत्याचा धंदा बुडतो, म्हणून ती बहुतेकांना ठाऊकच नसते. अर्थात दिल्लीहून मधेच साठ्याची मर्यादा किंवा आयात आली तर थांबणाऱ्याचंच नुकसान होतं. म्हणून पेरणीच्या आधी आयात-निर्यातीचं धोरण जाहीर करायचं आणि तो माल विकला जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, एवढं एक बंधन केंद्राने स्वतःवर घालून घेतलं तर ते तीन कायद्यांपेक्षा जास्त काम करील असं माझं मत आहे. त्याला पैसा लागत नाही. बहुधा म्हणूनच ते होत नाही. कारण घोषणा करण्यासारखं त्यात काही नाही.

हे सगळं झालं तरी एक गणित उरतंच. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकातून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याचा मोठा आधार पीक नसून मजुरी आहे. दीडपटच काय, दुप्पट भाव मिळाला तरी तीन एकर कोरडवाहूत पाच माणसांचं घर नीट चालत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान धारणक्षेत्रांवरच्या आपल्या निबंधात हे मांडलं होतं. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या मोजमापाने ठरत नाही, त्यावर राबणारं भांडवल आणि माणसं यांच्या प्रमाणात ठरतं. तुकडे कायद्याने जोडून हा प्रश्न सुटणार नाही, शेतीवरची जादा माणसं उद्योगांत सामावली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. शंभर वर्षांनंतरही देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी लोक शेतीत आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. शेतातून बाहेर पडलेली पोरं चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत गेलीच नाहीत असं नाही. पण त्यातली बरीच ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. कंत्राट संपलं की खोली सोडून परत यायचं, म्हणून गावाकडचा बापाचा तुकडा विकायचा नाही, खंडाने कागद करून द्यायचाही नाही. भावाचा, विम्याचा, पाण्याचा विचार करणाऱ्या समित्या आपल्याकडे ढिगाने झाल्या. या पोराची नोकरी कायम कशी होईल हा प्रश्न मात्र कामगार खात्याचा म्हणून बाजूला ठेवला जातो, आणि त्याच्या अनिश्चित पगाराची जोखीमही शेवटी त्याच तीन एकरांवर येऊन पडते.